चुकीवर खूण करायची, स्वतःवर काट मारायची नाही

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि समासात लाल खुणा करायच्या, हे गेली 27 वर्षं माझं काम. तरी स्वतःची चूक वाचायची कशी, हे मला फार उशिरा कळलं. त्यासाठी एका हयात माणसाच्या नावाआधी 'कै.' छापावं लागलं.

एका गौरवग्रंथाचं काम होतं. शेवटच्या पानांवर साहाय्य करणाऱ्यांची यादी, 140 च्या आसपास नावं. उपाध्यांचा रकाना वेगळा, नावांचा वेगळा. दुसरं प्रूफ मी तपासलं तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. मग ऐनवेळी मध्ये एक नाव वाढवायचं निघालं. ऑपरेटरने नावांच्या रकान्यात ओळ घातली, उपाध्यांच्या रकान्यात घालायची राहिली. तिथून खालची सगळी नावं एक घर खाली सरकली आणि उपाध्या होत्या तिथेच राहिल्या. त्या भागात एक सोडून सगळेच 'श्री.' होते, त्यामुळे सरकलेलं दिसेना. जो एक 'कै.' होता, तो वरच्या ओळीतल्या गृहस्थांना जाऊन चिकटला, आणि जे खरोखर गेले होते ते 'श्री.' झाले.

यात मला अजून टोचणारी गोष्ट वेगळी आहे. अंतिम प्रूफात यादीतलं शेवटचं नाव उपाधीविना उघडं पडलं होतं. मी ते पाहिलं. "राहून गेलं असेल" असं म्हणत समासात 'श्री.' लिहिलं आणि पान सोडलं. 500 प्रती छापून, बांधून झाल्या.

पहिल्या दिवशी दोनच कामं

संध्याकाळी फोन आला. मी पान उघडलं, ती ओळ वाचली आणि कानशिलं तापली. पुढच्या दहा मिनिटांत माझा निकाल लागला होता: डोळे गेले, वय झालं, मुळात हे काम आपल्याला कधी येतच नव्हतं, इतकी वर्षं नशिबाने निभावलं. एका ओळीवरून मी 27 वर्षांवर काट मारली, तीही दहा मिनिटांत. एवढ्या घाईने मी कुणा परक्याचं हस्तलिखित कधी परत पाठवलेलं नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे. चूक कळली त्या दिवशी दोनच कामं करायची. नुकसान पुढे पसरत असेल तर ते थांबवायचं, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला आपणहून कळवायचं. 'हे का झालं' हा प्रश्न त्या दिवशी विचारायचा नाही. तापलेल्या डोक्याला कारण शोधायला सांगितलं की ते आरोपी धरून आणतं, आणि सगळ्यांत जवळ सापडणारा आरोपी आपणच असतो. किमान एक झोप मध्ये जाऊ द्या.

कळवायचं कसं, यावर थोडं थांबते, कारण स्वाभिमानाला पहिली जखम इथेच होते. रात्री मी माफीचं पत्र लिहिलं. दीड पान. त्यात 'माझ्यासारख्या बेजबाबदार बाईला' इथपासून 'हे काम करण्याची माझी लायकी नाही' इथपर्यंत सगळं होतं. सकाळी एका सहकारी मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, आता त्यांनी तुझी समजूत काढत बसायचं का?"

बरोबर होतं तिचं. स्वतःला झोडपणारी माफी समोरच्यावर ओझं टाकते. त्याला झालेला त्रास बाजूला राहतो आणि "जाऊ द्या हो, एवढं मनाला लावून घेऊ नका" म्हणायची पाळी त्याच्यावरच येते. शिवाय असली वाक्यं दुसऱ्यासमोर एकदा बोलली की स्वतःलाही खरी वाटायला लागतात. शेवटी मी गेले आणि एवढंच बोलले:

"यादीत तुमच्या नावाआधी 'कै.' छापलं गेलंय. अंतिम प्रूफ मी तपासलं होतं, माझ्या नजरेखालून ते गेलं. उरलेल्या प्रतींवर दुरुस्तीची पट्टी लावायला आजपासून सुरुवात केली आहे, बाहेर गेलेल्या प्रती कुणाकुणाकडे आहेत ती यादी परवापर्यंत देते. तुम्हाला आणि घरच्यांना झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागते."

काय झालं, त्यात माझा भाग कोणता, मी काय करते आहे, आणि क्षमा. तुमच्या कुठल्याही चुकीला हा साचा चालेल. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचलं, बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "पट्ट्या लावा, पण एक प्रत अशीच राहू द्या. मला हवी आहे." का, ते मी विचारलं नाही.

तीन वाक्यं, आणि एक 'च'

दुसऱ्या दिवशी कागद घ्या. चुकीबद्दल आपल्या मनात साधारण तीन तऱ्हांची वाक्यं येतात.

चूक झाली.
मी अमुक ठिकाणी अमुक केलं.
मी वेंधळीच आहे.

पहिल्या वाक्यात माणूसच नाही. पाऊस झाला, उशीर झाला, तशी चूक झाली. आपल्या भाषेत ही सोय फार छान आहे आणि आपण ती मनसोक्त वापरतो. तिसऱ्या वाक्यात माणूस आहे, पण घटना नाही. कधी, कुठे, काय घडलं याचा पत्ता नाही, नुसतंच विशेषण. कामाचं वाक्य मधलं. ओळखायची खूणही सोपी आहे: वाक्य वाचून उद्या काय वेगळं करायचं ते कळतं का? 'मी वेंधळी आहे' हे वाचून उद्या सकाळी करण्यासारखं काहीच हाती लागत नाही. 'शेवटच्या नावाला उपाधी नव्हती, ती का नाही हे न विचारता मी ती लावून टाकली' हे वाचलं की लागतं.

मानसशास्त्रात या फरकावर बरंच काम झालं आहे. जून टँग्नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 'मी वाईट केलं' आणि 'मी वाईट आहे' या दोन भावना वेगळ्या काढून वर्षानुवर्षं अभ्यासल्या. आपण पहिलीला खंत म्हणू, दुसरीला शरम. खंत वाटणारा माणूस दुरुस्ती करायला, माफी मागायला पुढे येतो. शरमेने घेरलेला माणूस लपतो, नाकारतो, नाहीतर उलटा चिडून दुसऱ्यावर खापर फोडतो. मी हे तिन्ही केलं आहे. त्या ऑपरेटरवर मी दोन दिवस मनातल्या मनात जे काही बोलले, ते इथे छापता येणार नाही.

प्रूफात एखादा अनुस्वार राहिला असेल तर मी त्या अक्षरापाशी खूण करते. शब्द गळला असेल तर काकपद (^ ही खूण) टाकते आणि शब्द समासात लिहिते. पूर्ण पानावर फुली मारत नाही, आणि 'लेखकाला मराठी येत नाही' असंही समासात लिहीत नाही. (मोह झालेला आहे. दोन-तीनदा.) खूण जितकी नेमकी, तितकी दुरुस्ती नीट लागते. पानभर लाल रेघा ओढल्या तर ऑपरेटरला कळतच नाही की बदलायचं काय.

आता एक बारीक युक्ती, जी मला कामातूनच सुचली. चुकीबद्दलचं आपलं वाक्य लिहून झालं की त्यातला 'च' शोधा. 'मला हे जमतच नाही.' 'माझं नेहमी असंच होतं.' 'मी शेवटच्या क्षणी कच खातेच.' तो 'च' खोडा आणि त्याच्या जागी तारीख घाला. 'मला हे जमतच नाही' याचं 'मंगळवारच्या बैठकीत मला आकडे सांगता आले नाहीत' असं होतं. एका अक्षराने सगळा जन्म वेठीला धरला होता, तो मंगळवारपुरता उरला. 'नेहमी' आणि 'कधीही' या शब्दांनाही हाच न्याय. लावून पाहा. पहिल्यांदा हे खेळासारखं वाटतं, पण लिहिलेलं वाक्य दोन्ही रूपांत मोठ्याने वाचलं की पोटात वेगवेगळं होतं.

चुकीची जात

इथे मला सगळ्यांत जास्त वेळ लागला, म्हणून तुमचाही थोडा घेते.

जेम्स रीझन नावाचे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ होते. विमानं, अणुभट्ट्या, रुग्णालयं अशा ठिकाणी माणसं कशी चुकतात हा त्यांचा विषय. त्यांनी केलेली विभागणी मी माझ्या शब्दांत सांगते.

एक, हातचूक किंवा नजरचूक. करायचं बरोबर ठरवलं होतं, हात घसरला. चुकीच्या माणसाला निरोप गेला, 67 चे 76 झाले. दोन, विसर. करायचं ठाऊक होतं, मध्ये फोन आला आणि राहिलं. तीन, समजचूक. ठरवलं तसंच्या तसं केलं, पण ठरवलेलंच चूक होतं. आणि चौथी, जाणूनबुजून मोडलेला नियम: तपासायला हवं हे ठाऊक होतं, कंटाळा केला किंवा वेळ नव्हता.

चारही जातींचं औषध वेगळं. नजरचुकीवर 'जास्त लक्ष देईन' हा उपाय चालत नाही, कारण लक्ष ही मुठीत धरून ठेवायची वस्तू नाही. तिथे मांडणी बदलावी लागते: सारखी दिसणारी दोन नावं दूर ठेवा, मोठ्याने वाचा, दुसऱ्याला वाचायला द्या. 1631 साली लंडनमध्ये छापलेल्या बायबलच्या एका आवृत्तीत 'व्यभिचार करू नकोस' या आज्ञेतला 'नको' गळला आणि मुद्रकांना 300 पौंड दंड झाला. ती आज्ञा प्रूफ वाचणाऱ्याला तोंडपाठ असणार. मला तर वाटतं, पाठ होती म्हणूनच ते निसटलं. ओळखीचा मजकूर डोळा वाचत नाही, आठवतो. स्वतःचं लिखाण स्वतः तपासताना चुका दिसत नाहीत त्या याच कारणाने. त्यात डोळ्यांचा दोष नसतो.

विसरावर उपाय म्हणजे आठवण डोक्याबाहेर ठेवणं: यादी, गजर, दारात ठेवलेली पिशवी. नियम मोडला असेल तर तो का मोडावासा वाटला हे प्रामाणिकपणे विचारायचं. कधी नियमच निरुपयोगी असतो, कधी कामच इतकं असतं की पाळणं शक्य नसतं. कधी आपण आळस केलेला असतो. तेही लिहायचं, विशेषण न लावता.

आता माझं. मी आठ महिने धरून चालले होते की ती माझी नजरचूक होती. म्हणून औषधही त्याचंच घेतलं: सगळं चार-चारदा वाचायला लागले. काम मंदावलं, रात्री डोळे दुखायला लागले, दोन कामं मी आपणहून सोडली. आणि गंमत म्हणजे चुका वाढल्या. चौथ्या वाचनात माणूस वाचत नाही, नुसता घाबरतो.

मग एकदा शांतपणे ते जुनं प्रूफ काढून बसले आणि माझ्याच हस्ताक्षरातला तो 'श्री.' दिसला. माझी नजर चुकलेली नव्हती! मला जे दिसायला हवं होतं ते दिसलं होतं, मी त्यावर पेनसुद्धा टेकवलं होतं. 'उपाधी नाही म्हणजे टाइप करायची राहिली' हे मी गृहीत धरलं, ते चूक होतं. एका रकान्यात एक घर रिकामं उरतं म्हणजे वर कुठेतरी काही सरकलं असू शकतं, हा विचार माझ्याकडे तेव्हा नव्हताच. डोळे फाडफाडून वाचलं असतं तरी आला नसता.

डोळ्यांना दिलेल्या आठ महिन्यांच्या शिव्या फुकट गेल्या. पण हायसं किती वाटलं ते सांगता येत नाही. जी गोष्ट ठाऊक नव्हती ती शिकता येते.

समजचुकीबद्दल एक दिलासाही आहे. मानसशास्त्रज्ञ जॅनेट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 पासून दाखवून दिलं आहे की ज्या उत्तराबद्दल आपली पक्की खात्री असते, ते चुकलं आणि लगेच बरोबर उत्तर कळलं, तर ते बरोबर उत्तर अधिक चांगलं लक्षात राहतं. म्हणजे छातीठोकपणे चुकलात तर लाज जास्त वाटेल, पण शिकणंही पक्कं होईल. बरोबर उत्तरापर्यंत पोचलात तर. पान मिटून पळून गेलात तर नाही.

ठेचवही

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ही म्हण मी लहानपणापासून ऐकते आहे, पण तिच्यात दडलेला मुद्दा मला एका प्रयोगामुळे दिसला. लॉरेन एस्क्रीस-विंकलर आणि आयेलेट फिशबाख यांनी 2019 मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांना दोन-दोन पर्यायांचे प्रश्न दिले. काहींना कुठे बरोबर आले ते सांगितलं, काहींना कुठे चुकले ते. पर्याय दोनच, त्यामुळे 'हे चूक' म्हटलं की बरोबर कोणतं ते आपोआप कळतं. माहिती दोघांना सारखीच मिळाली. तरी पुढच्या चाचणीत, चुका सांगितलेले लोक कमी शिकलेले निघाले. स्वतःची चूक ऐकली की मन कान बंद करून घेतं. पण दुसऱ्या कुणाच्या चुका दाखवल्या, तेव्हा लोक व्यवस्थित शिकले.

ठेच दुसऱ्याला लागली की डोकं ठिकाणावर राहतं, म्हणीतही तेच आहे. मग मी काय केलं, तर स्वतःलाच पुढची आणि मागची अशा दोघी करून टाकलं. काल ठेच लागली ती पुढची, आज वहीत लिहिते आहे ती मागची. माझ्या ठेचवहीत मी कुठेही 'मी' लिहीत नाही. 'ती' लिहिते. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांतही असंच दिसलं आहे: ताणाच्या प्रसंगी स्वतःशी बोलताना 'मी' ऐवजी स्वतःचं नाव घेणाऱ्यांना त्रास कमी होतो आणि नंतर तेच ते उगाळणंही कमी होतं.

वहीतली ती नोंद जशीच्या तशी देते:

"अंतिम प्रूफ. शेवटच्या नावाला उपाधी नव्हती. तिने ती लावली, कारण विचारलं नाही. संध्याकाळचे साडेसात, पान त्याच रात्री छपाईला जायचं होतं. दुसऱ्या प्रुफानंतर मध्ये एक नाव वाढवलंय हे तिला सांगितलेलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. जात: समजचूक. बरोबर काय केलं: बाकीच्या पानांत एकही चूक निघाली नाही, नावांचं शुद्धलेखन पूर्ण बरोबर. पुढे: दुरुस्ती लागलेल्या ओळीच्या वरची आणि खालची ओळही वाचायची. यादी असेल तर दोन्ही रकान्यांतल्या नोंदी मोजायच्या."

'बरोबर काय केलं' ही ओळ मी नंतर वाढवली. कौतुकासाठी नाही. आठ महिन्यांत भीतीपोटी मी चांगल्या सवयीही बदलून बसले होते. काय बदलायचं हे लिहितो, तसं काय बदलायचं नाही हेही लिहून ठेवायला हवं.

आणि परिस्थितीही लिहा: वेळ काय होती, घाई होती का, कुणी काय सांगितलं नव्हतं. काहींना ही सबब वाटते. ओळखायचं असं: सबब असेल तर 'पुढे' या शब्दानंतर लिहायला काही उरत नाही. कारण असेल तर उरतं.

नोंद दहा ओळींत आटोपा. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने या वहीच्या नादाने चार-चार पानांची आत्मचरित्रं लिहायला सुरुवात केली आणि महिन्याभरात वही बंद केली. चार पानं म्हणजे पुन्हा तेच उगाळणं, फक्त शाई लावून.

बदल एकच, आणि 'तेव्हा' जोडून

चुकीनंतर आपण एकदम दहा संकल्प सोडतो. एकच घ्या, आणि तो प्रसंगाला बांधा. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी मांडलेली पद्धत आहे: 'अमुक घडेल तेव्हा मी तमुक करीन.' 'काळजीपूर्वक वाचीन' हा संकल्प हवेत राहतो. 'प्रूफात लाल खूण दिसेल तेव्हा तिच्या वरची आणि खालची ओळ वाचीन' हा हाताला लागतो. ज्यांना रागाच्या भरात उत्तर पाठवायची खोड आहे त्यांनी 'शांत राहीन' लिहू नये. 'उत्तर लिहिताना जबडा आवळला गेला तर ते मसुद्यात ठेवीन आणि सकाळी वाचीन' असं लिहावं.

पण हे स्वतःचे लाड नव्हेत का?

हा प्रश्न मला माझ्या पिढीची माणसं हमखास विचारतात. छडीशिवाय विद्या येत नाही, असं ऐकत आम्ही वाढलो. माझ्या अनुभवाचं मी सांगितलंच: आठ महिने स्वतःला छड्या मारल्या, शिकले शून्य. पण माझं सोडा. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांचा 2012 चा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची अवघड परीक्षा दिली, ती त्यांना जड गेली. मग एका गटाला सांगितलं की अशी परीक्षा अनेकांना अवघड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. दुसऱ्या गटाला म्हटलं, तुम्ही हुशार आहात म्हणून तर इथे प्रवेश मिळाला. तिसऱ्याला काहीच नाही. पुढच्या परीक्षेसाठी सर्वांत जास्त वेळ अभ्यास पहिल्या गटाने केला.

दुसरा गट मागे पडला, हे मला फार बोलकं वाटतं. 'तू हुशार आहेस, तुझं काही चुकत नाही' असं स्वतःला थोपटूनही काही शिकणं होत नाही. मोडलेल्या ठिकाणी मलम लावायचं असतं, अत्तर नाही.

दुसरे बोलतात तेव्हा

दुसऱ्याने काढलेल्या चुकीत बहुतेक वेळा दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: एक ओळ माहिती, आणि भोवती बराच राग. मी ऐकताना कागदावर फक्त माहितीची ओळ उतरवते. "तुम्हाला साधं काम जमत नाही, तारीखसुद्धा धड बघता येत नाही, कशाला पैसे घेता?" यातलं मी लिहिते: तारीख. मग विचारते, "कोणत्या पानावरची?" तो प्रश्न विचारला की समोरच्याचा आवाजही खाली येतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. काही वेळा कागदावर काहीच उतरत नाही. मग ते नुसतंच बोलणं असतं, त्याची नोंद करत नाही.

आणि आपली चूक सगळ्या जगाने पाहिली, ही समजूतही पडताळून पाहा. टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तो पाहिला. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. माझ्या यादीबद्दल मला आजवर एकूण तीन माणसांनी विचारलं आहे. 500 प्रती होत्या.

तुमच्या हाताखाली कुणी काम करत असेल, तर हेच उलट्या बाजूने लागू आहे. अमेरिकेत 1976 पासून नासा एक यंत्रणा चालवते. वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रक वगैरे मंडळी तिथे आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग गोपनीयपणे कळवतात. नाव फुटणार नाही ही खात्री असते, म्हणून लोक सांगतात, आणि सांगतात म्हणून बाकीच्यांना कळतं. ज्या कार्यालयात चूक सांगणाऱ्याचा सगळ्यांसमोर पाणउतारा होतो, तिथे चुका थांबत नाहीत, कळायच्या थांबतात.

नोंद बंद करणं

प्रत्येक नोंदीखाली मी एक तारीख घालते, साधारण महिन्यानंतरची. त्या दिवशी ती नोंद वाचायची, ठरवलेला बदल झाला का ते पाहायचं आणि खाली आडवी रेघ मारायची. मधल्या काळात रात्री तो प्रसंग आठवला तर स्वतःला एवढंच विचारते: यात वहीत नसलेलं काही नवीन आहे का? असलं तर उठून लिहिते. नसलं तर तो विचार नाही, जुनीच फीत आहे. ती बंद पडेलच असं नाही, पण तिच्याकडून काही शिकायचं उरलं नाही हे कळलं की तिचा जोर कमी होतो.

महिन्याने पाहिलं आणि तीच चूक पुन्हा झालेली असेल, तर पुन्हा स्वतःकडे वळू नका, जात तपासा. माझ्यासारखं औषध चुकलं असण्याची शक्यता जास्त.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते. रेघ मारूनही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, काम आणि माणसं टाळाविशी वाटत असतील, किंवा आपण नसलेलंच बरं असा विचार येत असेल, तर वहीचं काम संपलं. घरात कुणाला तरी सांगा आणि समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा, उद्यावर न टाकता.

परवाची नोंद अशी आहे: "अनुक्रमणिकेत एका प्रकरणाचा पृष्ठांक 112 ऐवजी 121. ऑपरेटरच्या लक्षात आलं, छपाईआधी. जात: नजरचूक. पुढे: अनुक्रमणिकेचे आकडे तिने एकटीने न वाचता दुसऱ्याला मोठ्याने वाचायला सांगायचे, आणि तिने पानं उलटायची. बरोबर काय केलं: ऑपरेटरला नवीन काय घातलंय ते आधीच विचारलं होतं."

ऑपरेटर तोच आहे, जुन्या यादीचा. मोठ्याने वाचायचं काम त्यालाच दिलं आहे, त्याचा आवाज बरा आहे.